निळसर झाक

अक्का बीकरशी बोलत. "ये गं बाई, रुसू नकोस," म्हणत त्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाण्यात अल्कोहोलचा एकेक थेंब सोडत. बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत मी काचसामान धुवायला लागले, तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मी सांगलीकडची, सातवीत शाळा सुटलेली, कुणी हाक मारली तरी दचकणारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बीकर आपल्या काळ्या छत्रीसमोर धरला.

"काय दिसतं?"

"कपड्यांना नीळ घालतो ना, तसं... स्वल्प."

माझ्या तोंडचं कानडी ऐकून त्या खूश. "सरी, बरोबर! म्हणजे जमलं. डोळ्यांना न दिसणारे कण झालेत. यांच्या पोटात कॅन्सरचं औषध भरून गाठीपर्यंत धाडायचं. घाई केली की नासतं."

पुढे अक्कांचे हात थरथरू लागले. निवृत्ती तोंडावर आली होती. उंदरांवरच्या चाचणीसाठी एक चांगली बॅच हवी होती, नाहीतर प्रयोगशाळेचे प्रमुख सर हे काम बंदच करणार होते. एका दुपारी हात हलला, धार पडली आणि बीकरभर पांढऱ्या गुठळ्या झाल्या. अक्कांनी बीकर उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "पनीर झालं. मटार आण गं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिपेट माझ्यापुढे धरली.

"अक्का, मी सातवी शिकलेली."

"ते अल्ब्युमिनला सांगू नकोस."

त्या शेजारी स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मांडीत आवळून. "बोल की त्याच्याशी," त्या म्हणाल्या, "तू गप्प बसलीस तर तेही घाबरतं." मग मी बोलत सुटले. आमची म्हैस, आईचं दुखणं, इथल्या सांबारातला गूळ, काय वाटेल ते. थेंब पडत राहिले. शेवटी बीकर छत्रीसमोर धरला, तर आत ती निळसर झाक. सर विचारायला आले तेव्हा अक्कांनी एवढंच सांगितलं, "सुमननं केलंय."

चाचणी सुरू झाली आणि अक्कांचा शेवटचा दिवस आला. पांढऱ्या कोटाची बटणं त्यांना निघेनात. मी मान खाली घालून एकेक बटण काढू लागले.

"वर बघ," अक्का म्हणाल्या. "रडायचं तर माझ्याकडे बघून रड. कोट आजच धुतलाय."