चौथ्या पाहुण्याचा पासपोर्ट

बार्सिलोनाच्या हॉटेलातून मेसेज आला, तेव्हा केजमधल्या माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात मी दुपारचा डबा उघडत होते. ‘चौथ्या पाहुण्याचा पासपोर्ट पाठवा. त्याशिवाय रूम देता येणार नाही.’ मी रूम बुक केली होती ती तिघांची.

तिघं म्हणजे नांदूरघाटचे दादाराव, त्यांची बायको कालिंदी आणि थोरली बहीण सरूआक्का. क्रूझची हौस खरी त्यांच्या मोठ्या भावाची, अण्णांची. पांढरी टोपी सावरत माझ्याकडे पहिलं नाव त्यांनीच नोंदवलं होतं. ते हिवाळ्यात वारले. त्यांच्या मनातलं राहायला नको म्हणून सरूआक्काने बाकीच्या दोघांना निघायला तयार केलं.

क्रूझ संपते त्या दिवशीचं परतीचं विमान मी कधीच घेत नाही. बोट बंदराला उशिरा लागली की तिकीट बुडालं. म्हणून मधे एक रात्र हॉटेल घ्यायचं. आम्ही त्याला पोस्ट-स्टे म्हणतो. इथे मात्र त्यापुढे एक दिवसही शिल्लक नव्हता. वकिलातीने व्हिसा मोजून दिला होता आणि तो विमानाच्या दिवशीच संपत होता. त्यानंतर मागे राहणारा माणूस तिथे बेकायदा.

मी दादारावांना फोन लावला. तुम्ही किती जण आहात असं विचारलं. चौघं, म्हणाले.

‘‘चौथं कोण?’’

‘‘खिशात हाय. खडा. तिघांनी निघू न्हाई ना मॅडम, म्हनून घेतला संगं.’’

आता हे मला ठाऊक नाही असं नाही. तिघं कामाला निघाली की चौथा म्हणून खडा उचलायचा, ही रीत आमच्याही घरात आहे. पण रिसेप्शनवरच्या मुलीने किती जण विचारल्यावर यांनी चार बोटं दाखवावीत? मी वैतागले. पहिल्यांदा तो खडा बाहेर टाका आणि तिघं म्हणून सांगा, असं फर्मावून फोन ठेवला. डबा गार झाला होता.

वीस मिनिटांत चावी मिळाली. त्या मुलीचा मेसेज आला. मी आभार मानायला घेतले, तर खाली आणखी एक ओळ होती. ‘पांढरी टोपी घातलेले तुमचे वृद्ध पाहुणे बाहेर कुंड्यांपाशी पायरीवर बसून आहेत. त्यांची सोय दुसरीकडे केली आहे का?’

मी ती ओळ दोनदा वाचली. असेल कुणी तिथलाच म्हातारा, असं मनाशी म्हटलं. तिला उत्तर मात्र दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन निघायच्या वेळी कालिंदीवहिनींचा फोन आला. आक्का टॅक्सीत बसायला तयार नव्हती. रात्रभर खिडकीशी बसून होती म्हणे. तो खडा तिने शेतातून उचलला होता, अण्णांना जिथे अग्नी दिला तिथून. नेलेला खडा जागच्या जागी परत ठेवायचा असतो. दादारावांनी तो कुंडीत टाकला होता आणि आता सापडत नव्हता. कुंडीत सगळे पांढरे गोटे, आपला काळा खडा सहज दिसायला हवा होता. दोघांनी कुंडी उपसून पाहिली. नव्हताच.

आक्काने फोन घेतला.

‘‘तुमी टाकायला लावला. आता अण्णाला परक्या मुलखात सोडून मी येनार न्हाई.’’

मला अपराधी वाटलं. घड्याळही दिसत होतं. अर्ध्या तासात निघाली नाहीत तर चेक-इन बंद होणार होतं. सत्तरीची बाई, भाषा येत नाही, व्हिसा संपलेला. तीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

‘‘आक्का, हॉटेलवाल्या मुलीचा मेसेज आलाय. टोपीवाले म्हातारे केव्हाच टॅक्सीत जाऊन बसलेत.’’

फोन कट झाला. तासाभराने दादारावांनी तीन बोर्डिंग पासचा फोटो पाठवला आणि मी खुर्चीत मागे टेकले.

आठ दिवसांनी आक्का ऑफिसात आली, हातात चॉकलेटचा डबा. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला राहवेना. मी सांगून टाकलं की तसा मेसेज आलाच नव्हता. तुम्ही विमानात बसावं म्हणून मी रचलं.

‘‘ठाव हाय मला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी फोनवर बोललात तवा अण्णा पायरीवरच बसला व्हता. टॅक्सी चालू झाल्यावर उठला, अन् आला संगं.’’

डबा टेबलावर ठेवून ती तिच्या बसला गेली.

हल्ली बुकिंगच्या वेळी मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. पासपोर्ट किती, आणि निघताय किती जण. दोन्ही आकडे जुळले नाहीत तरी आता मी वाद घालत नाही.