मेस्त्रीकाकांची अदलाबदल

विश्राम मेस्त्री यांना कुठल्याही वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक केल्याशिवाय चैन पडत नसे. पहिल्या दिवशी ते रुग्णालयातल्या आमच्या खोलीत आले, त्यांचं नाव लिहायला मी रजिस्टर उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या टेबलावर दोनदा टकटक केली, कान खाली नेला आणि सहानुभूतीने म्हणाले, "फसवल्यानी तुमका. प्लाय आसा. वरसून नुसतो सागाचो रंग." मग मागे वळून दारावर टकटक केली. "ह्या मात्र खरा."

गोरेगाव पूर्वेच्या एका चित्रपट स्टुडिओत ते सुतार होते. महाल, देवळं, तुरुंग, कोर्ट असं काय सांगतील ते प्लायवूड आणि प्लास्टरमधून उभं करायचं आणि चित्रीकरण संपलं की मोडायचं. मूळचे मालवणकडचे. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही त्यांनी आपली भाषा सोडली नव्हती. कामाबद्दल विचारलं की एक वाक्य ठरलेलं असे. "खोटो खांब उभो करूकय खरा लाकूड लागता, बाय."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि अंधेरीच्या एका धर्मादाय रुग्णालयात संशोधन साहाय्यक म्हणून लागले होते. साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल. मधुमेहामुळे ज्यांच्या किडन्या हळूहळू निकामी होत चालल्या आहेत अशा माणसांना रक्तदाबाची एक नवी गोळी दिली, तर किडनी जास्त दिवस टिकते का, हे आमचे डॉ. वाडदेकर पाहत होते. काही रुग्णांच्या बाटलीत ती गोळी, तर काहींच्या बाटलीत हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. बाटलीवर फक्त रुग्णाचं नाव आणि नंबर. कोणाच्या नंबरात काय, ते बंद पाकिटांत लिहिलेलं, आणि पाकिटं दुसऱ्याच साहेबांच्या कपाटात. बाकीची औषधं, इन्सुलिन, पथ्य सगळ्यांना सारखंच. हे सगळं रुग्णाला समजावून सांगायचं आणि मग सही घ्यायची, हे माझं काम.

मेस्त्रीकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माका खोटी गोळी मिळात?"

"मिळू शकते."

"आणि डॉक्टराक म्हायत नाय?"

"नाही."

"तुका?"

"मलाही नाही."

त्यांनी डॉक्टरांच्या दाराकडे बोट केलं. "मगे तो खुर्चेत कित्याक बसता?"

मी सांगितलं, डॉक्टरांना आधीच कळलं तर ज्याला औषध मिळतंय त्याच्याकडे ते वेगळ्या नजरेने बघतील, म्हणून मुद्दाम कळू द्यायचं नाही. त्यांना ते पटलं नाही. खरं तर मला नोकरीवर घेताना हेच समजावलं होतं, तेव्हा मलाही ते पहिल्या खेपेला पटलं नव्हतं. पण त्यांनी सही केली. पाटीवर अक्षर गिरवावं तशी सावकाश.

महिन्यातून एका मंगळवारी ते यायचे. वजन, रक्तदाब, पायावरची सूज. नडगीवर अंगठा दाबायचा आणि खळगा किती वेळ राहतो ते बघायचं. शिवाय चोवीस तासांची सगळी लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून आणायची, कारण तिच्यातून किती प्रथिन वाया जातंय त्यावरून किडनीची अवस्था कळे. बाकीचे पुरुष तो कॅन आणायला लाजत. मेस्त्रीकाका तो स्वच्छ धुतलेल्या पिशवीत घालून बसने आणत. "कंडक्टर विचारता, आतमधी काय? मी सांगतंय, तीर्थ. लगेच पुढे जाता."

त्याच मंगळवारी कुर्ल्याहून नंदा पेडणेकर येत. चौतिशीच्या. साखर लहानपणापासूनची. घरी दोन लहान मुलं. मी त्यांना नंदाताई म्हणे. त्या फार बोलत नसत. कोरडा खोकला मात्र त्यांना सतत असे. आम्ही म्हणायचो, कुर्ल्यात किती धूळ आणि धूर, खोकला होणारच. मीही रजिस्टरात 'सर्दी-खोकला' असं लिहून मोकळी व्हायचे.

तिसऱ्या महिन्यात मेस्त्रीकाकांच्या पायाची सूज उतरली. चप्पल परत पायात जायला लागली, तेव्हा त्यांनी ती मला दोन्ही पाय पुढे करून दाखवली. नंदाताईंचा अहवाल मात्र त्या दिवशी जरा वाईट आला. त्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत होत्या. "माझ्या बाटलीत साधीच गोळी आली असणार, काका. माझं नशीबच तसं आहे," त्या म्हणाल्या ते मी आतून ऐकलं. मी बाहेर गेले नाही.

पुढचे चार महिने नेहमीसारखे गेले. म्हणजे मला नेहमीसारखे वाटले. नंदाताईंचा खोकला थांबला. मेस्त्रीकाकांना लागला. आमच्या खोलीत वजनाच्या काट्यावर उभे राहून ते खोकायचे आणि काटा हलायचा. मी लिहिलं, 'सर्दी-खोकला'.

मग एका मंगळवारी त्यांनी परत केलेल्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजताना माझं लक्ष लेबलाकडे गेलं. लेबलं मीच खळ लावून चिकटवायचे, आणि माझ्या हातून एकही कधी सरळ बसलं नाही. हे लेबल ओळंब्यात होतं. चारही कोपरे नीट दाबलेले, एक सुरकुती नाही. अक्षर माझंच होतं, पण चिकटवणारा हात माझा नव्हता.

"काका, हे कोणी चिकटवलं?"

"बरा बसला मां?" ते खूश होऊन म्हणाले.

त्यांनी काही लपवलं नाही. गेले चार महिने दर वेळी रुग्णालयातून बाहेर पडल्यावर ते आणि नंदाताई कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसत. चहाच्या वाफेवर लेबलं सोडवायची आणि स्टुडिओतल्या गोंदाने एकमेकांच्या बाटलीवर लावायची. गोळ्या ओतून बदलल्या असत्या तर एखादी सांडली असती आणि मोजणीत कमी भरली असती, म्हणून लेबलंच बदलली.

"पण का?"

"माझी खरी आसा म्हणान. पाय बघलंस मां माझे? तिका दोन पोरां आसत. माझी साठी उलाटली."

"तुमची खरी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाय सांगतत."

"काका, पायांना काय कळतं? डॉक्टरांनाही कळत नाही!"

"डॉक्टराक कळना नाय ह्या तूच सांगितलंस," ते म्हणाले. "मगे पायांका तरी इचारूक नको?"

मला हसावं की रागवावं ते कळेना. मी त्यांना जायला सांगितलं आणि रजिस्टर उघडून बसले. त्यांच्या नावापुढचे आकडे आता कोणाचे? नंदाताईंच्या नावापुढचे कोणाचे? सांगितलं तर दोघांनाही संशोधनातून काढतील, फुकटच्या तपासण्या बंद होतील. नाही सांगितलं तर मी लिहिते आहे ते सगळं खोटं. आणि काकांची बाटली खरोखरच खरी असली तर ते आपलं औषध देऊन बसलेत, हे माहीत असून मी गप्प राहायचं? आठवडाभर मी गप्प राहिले. घरी आई विचारायची, "काय गं, डबा तसाच का आणलास?" दुसऱ्या मंगळवारी मी डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि सांगून टाकलं.

ओरडा बसेल अशी माझी तयारी होती. डॉ. वाडदेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ दोघांची रजिस्टरं चाळत राहिले. मग विचारलं, "हा खोकला... आधी हिला होता आणि मग त्याला लागला?"

"हो, सर. अदलाबदल झाल्यापासून."

"या औषधाने काही जणांना कोरडा खोकला होतो असं परदेशी मासिकांत आता आता यायला लागलंय," ते म्हणाले. "खोकला बाटलीबरोबर गेला असला तर..." दोघांना काढावं तर लागणारच होतं, म्हणून त्या दोन नंबरांची पाकिटं मागवून त्यांनी माझ्यासमोर फोडली.

औषध नंदाताईंच्या बाटलीत होतं. मेस्त्रीकाकांची बाटली साधी होती.

म्हणजे चार महिने नंदाताईंनी औषध नसलेली गोळी घेतली होती, आणि त्यांचं औषध काकांनी. मी डॉक्टरांना विचारलं, त्यामुळे त्यांचं किती नुकसान झालं? ते म्हणाले, "लघवीतलं प्रथिन वाढलंय. पण ते त्यामुळेच, की तसंही वाढलं असतं, हे दोन माणसांवरून कोण सांगणार?" मग म्हणाले, "हे कळावं म्हणून तर एवढा खटाटोप मांडलाय." त्याच आठवड्यात त्यांनी ती गोळी नंदाताईंना उघडपणे लिहून दिली. कारण मात्र सांगितलं नाही. संशोधनातून काढलं एवढंच दोघांना कळवलं.

मेस्त्रीकाका मला फाटकापाशी गाठायला आले. चेहऱ्यावर राग नव्हता, उत्सुकता होती.

"पाकीट फोडल्यानी मां? माझीच खरी व्हती मां?"

मी खोटं बोलू शकले असते. ओठांवर आलंही होतं. पण सहा-सात महिने ज्या माणसाला मी 'मला माहीत नाही' एवढंच सांगत आले, त्याला माहीत झाल्यावर तरी खरं सांगावं, असं त्या क्षणी वाटलं. ते बरोबर होतं की नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

"नाही, काका. नंदाताईंची खरी होती."

त्यांनी फाटकाचा गज धरला. आधी हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरून आले. "म्हणजे मी तिच्या तोंडातसून काढून खाल्लंय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तिका सांगितल्यानी?"

"अजून नाही."

"मी सांगतंय. पत्तो दी."

पत्ता द्यायचा नसतो, म्हणून मीच त्यांच्याबरोबर गेले. दुपारची वेळ होती. कुर्ल्याच्या चाळीत नंदाताई तांदूळ निवडत बसल्या होत्या, मुलं शाळेत गेली होती. काका बसले नाहीत. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. मधे खोकला आला तेवढंच थांबले.

नंदाताईंनी सूप बाजूला सारलं. "चार महिने," त्या म्हणाल्या. "चार महिने रोज सकाळी तुमचं नाव घेऊन मी ती गोळी गिळत होते, काका."

"चुकलंय, गो."

"मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं ना?"

"म्हटलेलंस."

"मग माझ्या पोरांची नावं घेऊन मला कशाला गळ घातलीत?" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या दारात कोणीतरी डोकावलं. काका खाली बघत उभे होते. मला वाटलं, आता त्या आम्हाला जायला सांगतील. पण त्या उठल्या आणि आत गेल्या. फळीवर एक पितळी तांब्या होता. त्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं होतं आणि सकाळी भरलेला तो तांब्या रात्रीपर्यंत पुरवायचा होता, हे मला रजिस्टरमुळे ठाऊक होतं. शेजारी भरलेला माठ होता. त्यांनी पाणी तांब्यातूनच पेल्यात ओतलं. रागाच्या भरात चुकून की मुद्दाम, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"तुझ्या वाटणीचा आसा ता," काका म्हणाले.

"प्या. उन्हातनं आलात."

काका उभ्यानेच पाणी प्यायले. त्यांनी पेला खाली ठेवला. नंदाताईंनी परत सूप पुढ्यात ओढलं आणि आम्ही निघेपर्यंत मान वर केली नाही.

स्टेशनकडे येताना काका माझ्या पुढे चालत होते. पुलाच्या पायऱ्यांपाशी थांबले. "बाय, माका एक सांग. माझी गोळी खोटी व्हती. मगे माझे पाय कित्याक उतरले?"

याचं उत्तर मी डॉक्टरांकडून विचारून ठेवलं होतं. "तुम्ही मीठ सोडलंत, सुके मासे सोडलेत, त्याने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतक्या खऱ्या गोंधळाने की मलाच अपराधी वाटलं. "सुक्या बांगड्याशिवाय माका पेज जायत? मीठ मी खंय सोडलंय?"

 पायऱ्या चढताना काका कठड्यावर हात ठेवून दोनदा थांबले, एवढंच आठवतं.

त्यानंतर मेस्त्रीकाका साध्या बाह्यरुग्ण विभागात येत राहिले. दीडेक वर्षात त्यांच्या किडन्या थकल्या. डायलिसिसची यंत्रं तेव्हा मोजकी, आणि आठवड्यातून दोनदा आयुष्यभर ते करायचं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नको. माका घराकडे जावंदे." गणपतीला गावी गेले आणि दिवाळीच्या आत गेले. त्यांच्या मुलाने रुग्णालयात येऊन कळवलं. नंदाताईंना मी सांगितलं. त्या तेव्हा आईची किडनी बसवून घेण्यासाठी तपासण्या करत होत्या. पुढे ती बसली, आणि त्या मुलं मोठी होईपर्यंत नीट जगल्या. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "मला त्यांचा अजून राग येतो. आणि रडूही येतं. कुठलं आधी, ते कळत नाही."

संशोधन संपलं आणि अहवाल टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. किती रुग्ण घेतले, किती शेवटपर्यंत राहिले, किती गाव सोडून गेले, सगळं लिहिलेलं होतं. शेवटी डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती, दोन रुग्णांना अनियमिततेमुळे वगळले. ती टाइप करताना 'अनियमितता' या शब्दापाशी माझे हात थांबले. त्याच्या जागी कुठला शब्द घालावा, याचा मी बराच वेळ विचार केला. सुचला नाही, म्हणून तोच राहू दिला. दुसरा शब्द मला अजूनही सुचलेला नाही.