वन्सं मला बघायला आल्या आणि मी टीव्हीवर खेळत होते

मला बघायला आल्या त्या कुडपणच्या वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद. हातात बिस्किटाचे पुडे, पिशवीत नाचणीचं पीठ आणि डोळ्याला पदर... तो एसटीतून उतरल्यापासूनच लावलेला असणार. आजारी माणसाला बघायला जायचं आणि दारातच रडायला सुरुवात करायची, ही आमच्याकडची पद्धत. त्यात वन्संचा पहिला नंबर.

ही गोष्ट आम्ही बिरवाडीला राहत होतो तेव्हाची, ऐंशी सालानंतरची. टीव्ही नुकते घराघरात यायला लागले होते. आज आठवली कारण परवा नात म्हणाली, "आजी, आमच्या हॉस्पिटलात पेशंटना व्हिडिओ गेम खेळायला देतात, हातापायांचा व्यायाम होतो." मी म्हटलं, बाई गं, हे तर तुझ्या पणजीने कधीच करून ठेवलंय!

झालं असं, की पावसाळ्यात विहिरीजवळ शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी. महाडचे डॉक्टर म्हणाले, बोटं हलवा, नाहीतर हात असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला... तो पोरांनी क्रिकेटला नेला आणि नदीत घालवला.

मग सासूबाई मला महाडजवळच्या सव गावाला घेऊन गेल्या, गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवायला. आंघोळ झकास झाली. बोटं तशीच.

भाकरी थापता येईना हे होतंच, पण मला जास्त लागायचं ते कुंकवाचं. घरी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि सासूबाई विधवा, तेव्हाच्या रीतीने त्या लावायच्या नाहीत. उरले मी, आणि माझी तर चिमटीच जुळेना. एकदा शेजारच्या मास्तरीणबाईंना लावायला गेले ते त्यांच्या नाकावर... त्या हसल्या. मी चुलीमागे जाऊन रडले. तेव्हापासून पाहुणी निघाली की मी आतलं काहीतरी काम काढायची.

त्यात माझे धाकटे दीर सुट्टीवर आले. बोटीवर कामाला होते ते. येताना टीव्हीला जोडायचा खेळ घेऊन आले. दोन डब्या, प्रत्येकीवर रेडिओला असतं तसं गोल बटण, ते चिमटीत धरून फिरवायचं. पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या वरखाली करतात आणि मध्ये एक ठिपका पळतो, तो बॉल. बॉल सुटला की हरलात.

आणला होता पोरांसाठी. पण दुपारी पोरं शाळेत, आणि सासूबाईंना तर चटक लागलेली. "बस गो सुमन, भांडी काय पळून जात नाय."

मी बटण डाव्या हाताने धरलं, तर सासूबाई कडाडल्या, "सुरुवातीलाच डावा हात? उजवा घे!" उजवा चालत नाही हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण रीत म्हणजे रीत...

पहिले काही दिवस बटण फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई जिंकायच्या. जिंकायच्या ते जिंकायच्या, वर सगळ्या आळीत सांगून यायच्या! मग मात्र मी इरेला पेटले. सासूला हरवायची सोय संसारात दुसरी कुठे असते, तुम्हीच सांगा.

तर वन्सं आल्या त्या दुपारी आमचा खेळ रंगात आलेला. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्या बंद. वन्संनी दारातून बघितलं, तर अंधारात आई आणि वहिनी डोलतायत, नजर एका जागी, हाकेला ओ नाही! त्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"आये, अगो काय झालंय तुमाला?"

"गप ऱ्हा. खेळ चाललाय."

वन्संनी ठरवलं, हे बाहेरचंच काहीतरी. तडक स्वयंपाकघरात गेल्या, मूठभर मीठ-मिरच्या आणल्या आणि माझी दृष्ट काढायला लागल्या... नेमक्या टीव्हीसमोर उभ्या राहून!

"वन्सं, बाजूला व्हा, बॉल दिसत नाय!" जन्मात पहिल्यांदा नणंदेवर ओरडले असेन. तेवढ्यात टुक् झालं. बॉल सासूबाईंच्या काठीला चुकवून गेला होता.

"ह्यो धरायचा नाय," सासूबाई म्हणाल्या, "पोरगी मधी आली."

"पोरगी तुमचीच हाय. धरायचा!"

मग वन्संनाही बसवलं. काठी वर न्यायची तर बाई स्वतःच पाटावरून उठायच्या, खाली आणायची तर धप्पकन बसायच्या. बिस्किटं आम्हीच संपवली. माझ्या हाताची चौकशी करायची राहूनच गेली.

पोलादपूरच्या गाडीची वेळ झाली तशा त्या उठल्या आणि सवयीने माझ्यापुढे कपाळ करून उभ्या राहिल्या. माझ्या डोक्यात अजून तो बॉलच पळत होता, आत पळायचं विसरलेच. करंडा उघडला, चिमूट घेतली, टेकवली.

सासूबाई दाराची चौकट धरून बघतच राहिल्या. "सुमन... उजव्यानं लावलंस गो."

बघितलं तर कपाळाच्या बरोबर मधोमध, गोल. वन्सं आरशात बघून आल्या आणि मग जे रडल्या ते मात्र खरंखुरं. मीही रडले. सासूबाईंनी तेवढ्यात सांगून घेतलं, "तरी मी म्हनत होते, डावा हात नको!"

डॉक्टरांनी हाड जुळवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण माझी चिमटी जुळवली ती सासूबाईंच्या हट्टाने... आज नातसुनांना कुंकू लावताना त्या आठवतात.

वन्सं मात्र पायरी उतरता उतरता डोळे पुसून म्हणाल्या, "वयनी, येत्या आयतवारी धाकटीला पन घेऊन येते तुला बघायला. लाइट असंल ना?"