सातबाऱ्यांची पंगत

आमच्या तालुक्याच्या कचेरीतील त्या संगणकवाल्याविरुद्ध मी तीन तक्रारअर्ज दिले होते. ते स्वीकारताना तो प्रत्येक वेळी म्हणे, “आबा, अक्षर लय झ्याक हाय तुमचं.” बोटे मोडल्याखेरीज तो कळफलकाला हात लावत नसे, आणि यंत्राशी बैलाशी बोलावे तसा बोले.

आमच्या वडगाव रासाईचे सातबारे टंकून झाले होते; परंतु नव्या यंत्रात ते भरता भरत नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या वाटपाच्या दाव्याची सुनावणी होती आणि उताऱ्यावाचून मी हरणार होतो. मी संतापून त्याला उतारा वेळेत देण्याचे कायद्याचे कलम सुनावले.

“कलम खरं हाय, आबा. पर हे येडं एकेक ओळ घेतंय, दर ओळीला सेव्ह करतंय, आन् दर बारीला गट शोधायची सूची नव्यानं लावतंय. एका पाव्हण्याला वाढून लगेच भांडी घासत्यात व्हय?”

मग त्याने सूचीच काढून टाकली. हजार-हजार ओळींची पंगत बसवली आणि दर पंगत उठली की एकदाच सेव्ह केले. आठवड्याचे काम दोन चहांत उरकले. शेवटी सूची एकदाच लावून त्याने माझा गट क्रमांक टाकला, आणि छपाईयंत्र करकरू लागताच खुर्चीवरून उठून चक्क नाचला.

माझा उतारा हाती देऊन त्याने दार उघडले. “वडगाववाले, समदे आत या!”

बाहेर ताटकळलेले लोक हसत, ढकलत आत घुसले. रांगेचा नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडला जात होता, आणि मी एका शब्दानेही हरकत घेतली नाही.