माझ्याशी न झालेलं भांडण

माझे यजमान सुधाकर गेले, हे मला त्यांच्या मित्राकडून कळलं. मी संध्याकाळच्या भाकरी करत होते, तेवढ्यात सलीमभाईंचा फोन आला. "भाभी, तुम्ही जल्दी दवाखान्यात या..." एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. पिठाचे हात तसेच पदराला पुसून मी रिक्षानं दवाखान्यात पोचले, तोवर सगळं संपलेलं होतं. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात, नेहमीच्या बाकावर बसल्या बसल्या हे एका अंगाला कलले, ते पुन्हा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आता सव्वा महिना होऊन गेला, येणारे-जाणारे कमी झाले, म्हणून लिहायला बसलेय. आणि लिहायचंच तर खरं लिहिते. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात रडता रडता मी सलीमभाईंना विचारलं, "शेवटचं काय बोलले हो?" ते म्हणाले, "काही नाही भाभी, बारक्याचं चाललं होतं." आणि त्याही घटकेला, डोळ्यांना धार लागलेली असताना, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे शेवटचे शब्दसुद्धा त्या बारक्यासाठी! घरातून निघताना मला काय म्हणाले होते, तर गॅसवाला येईल, सिलिंडर बाहेर काढून ठेव.

बारक्या म्हणजे माझी सवत. हसू नका, मी कधी हसले नाही. इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबाचा हा खेळाडू. क्लबाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्या क्लबवाल्यांची पत्रं यायची आणि त्यांना उत्तर द्यायला माझ्या घरात आता माणूस नाही. डाव्या पायानं खेळणारा, अंगानं लहानखुरा, म्हणून ह्यांनी आणि सलीमभाईंनी त्याचं नाव बारक्या ठेवलं. हे मूळचे फुलंब्रीचे, कबड्डी खेळलेले. पोरपणी त्यांनी फुटबॉल नुसता बघितलासुद्धा नव्हता. वाळूजला कंपनीत लागले आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर सलीमभाई भेटले. सलीमभाई शहरातल्या छावणी भागातले, तिथल्या मैदानावर वाढलेले. बस वाळूजला पोचेपर्यंत ते ह्यांना फुटबॉल समजावून सांगायचे आणि परतताना हे त्यांच्याशी त्यावरच वाद घालायचे. असं करता करता क्लब एकच झाला, पण त्या क्लबाच्या एकाही गोष्टीवर दोघांचं एकमत झालं नाही. मॅच बघायचेच, पण खरा जीव खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं... जसा काही क्लबाचा मालक ह्या दोघांना विचारूनच सही करणार होता! अलीकडं तर एकच विषय. दुसरा एक क्लब बारक्याला मागत होता आणि त्याच्या बदल्यात स्वतःचा उंचापुरा डिफेंडर, म्हणजे मागं राहून गोल अडवणारा, द्यायला तयार होता. हे म्हणायचे, देऊन टाका, बारक्याचे गुडघे गेलेत. सलीमभाई म्हणायचे, जान गेली तरी बारक्या द्यायचा नाही. पहिली पाळी सुटली की हॉटेलच्या बाकावर दिवेलागणीपर्यंत हे दळण चालायचं.

आणि घरी? घरी माझा नवरा कधीच भांडला नाही. मी पाचोडची, तोंडाची फटकळ. आमच्याकडं आठवडी बाजारात कुणी भाव न करता शेळी घेतली, तर विकणाऱ्यालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. एवढी घासाघीस बघत वाढलेली मी, आणि पदरी पडला हा असा माणूस, की बोट लावीन तिथं गुदगुल्या! भिंतीला कुठला रंग द्यायचा? "तू म्हणतेस ते बरोबर हाय." मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचं, म्हणून मी चार दिवस मुद्दे जमवून, पदर खोचून तयार बसलेले. ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पाठवू." सगळे मुद्दे माझ्या घशातच राहिले. फुलंब्रीच्या जावा म्हणायच्या, लई नशिबाची तू, आमच्याकडं तर रोज महाभारत. मी हसून मान डोलवायची. त्यांना काय सांगणार, की मला त्यांच्या महाभारताचा हेवा वाटतो?

एकदा फुलंब्रीहून ह्यांचे चुलतभाऊ अचानक आले. फोन घरातच चार्जिंगला लावलेला, म्हणून मी बोलवायला हॉटेलकडं निघाले. वळणाच्या अलीकडंच मला एक आवाज ऐकू आला. भरदार, चढलेला, मध्येच खो-खो हसणारा. कुणाचा म्हणून बघते तर आमच्या ह्यांचा! बाकावर हात आपटून म्हणत होते, "नाय सलीम, साफ चूक! काय बघून बोलतोस तू? मागं उंच माणूस नाय म्हणून तर दर कॉर्नरला आपण मार खातो!" सलीमभाई ओरडत होते, "तू चुप बैठ सुध्या, तेरेकू क्या समझता!" सुध्या! इतक्या वर्षांच्या संसारात मी ज्या माणसाला अहो-जाहो करत आले, तो इथं सुध्या होता, आणि त्या सुध्याला मी ओळखतसुद्धा नव्हते. डोळे चमकत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. दुसरी बाई असती तर निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मी न बोलवताच माघारी फिरले आणि पाहुण्यांना म्हणाले, येतील थोड्या वेळात, कामात आहेत.

त्या दिवसापासून मी इरेला पेटले. आपल्याला जे हवं ते त्या बाकावर मिळतंय ना, मग आपणही फुटबॉल शिकायचं. दुपारी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर मॅचेस बघायला लागले. ऑफसाइड कळायला पंधरा दिवस लागले, पण कळला. बारक्याही बघितला. खोटं कशाला बोलू, पोरगं गोड खेळायचं. चेंडू पायाला चिकटवून असं निसटायचं की बघत राहावं. मग एक दिवस जेवायला वाढताना मी म्हणाले, "माझं मत विचाराल तर बारक्याला देऊ नये." ह्यांचा घास हातातच राहिला. इतके खूश झाले, इतके खूश झाले... मला वाटलं, आता हात आपटतील, आता म्हणतील साफ चूक. आणि म्हणाले काय, "बरोबर हाय तुझं." जेवण झाल्यावर चप्पल घालून हॉटेलात गेले, आणि तिथं पुन्हा तोच धोशा, की बारक्याला देऊन टाका!

मला हे दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी कळलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी हे टाकीत पाइप सोडून गच्चीत उभे, आणि कानाला फोन. पलीकडं सलीमभाई. इकडं हे बारक्याचे गुडघे मोजतायत आणि तिकडं टाकी भरून पाणी जिन्यानं खाली वाहतंय. मी वर जाऊन पाइप हिसकावला आणि म्हणाले, "काल मला म्हणालात बरोबर आहे, आणि आज त्यांना भलतंच सांगताय? मग माझ्याशी भांडा की! मी काय मेणाची आहे?" हे ओल्या कठड्यावर टेकले आणि पहिल्यांदाच जरा लांबलचक बोलले. म्हणाले, "आमच्या घरात लई आवाज होते. बाप ओरडायचा, आय ओरडायची, आम्ही पोरं गोठ्यात जाऊन बसायचो. लग्नाच्या आदीच ठरवलं होतं, आपल्या घरात आवाज नाय चढवायचा. भांडायला सलीम हाय की." मन भरून आलं, खरंच आलं. पण हेवा काही गेला नाही. घराला शांतता दिली त्यांनी आणि जिवंतपणा सगळा त्या बाकावर नेऊन ओतला, असंच मला वाटत राहिलं.

ते गेल्यावर हे सगळं संपेल असं वाटलं होतं, पण ते वाढलंच. दहाव्याला लोक आधी सलीमभाईंच्या गळ्यात पडत होते. "जोडीदार गेला तुमचा" म्हणत होते. जोडीदार! कंपनीतले, हॉटेलातले, बसचा ड्रायव्हर... प्रत्येकाकडं ह्यांचा एखादा किस्सा होता, हे असे चिडले, हे तसे गरजले. माझ्याकडं येऊन मात्र सगळे एकच म्हणत, फार शांत माणूस होता हो. सलीमभाई दर पाण्याच्या दिवशी येतात, न विचारता गच्चीत जातात, टाकी भरून देतात. पायरीवर बसून चहा घेतात आणि फुटबॉलचा ब्रही काढत नाहीत. चेहरा असा, की त्यांच्याकडं बघून वाटावं, खरा रंडापा सलीमभाईंनाच आलाय. लिहू नये असं लिहितेय, पण त्यांच्या रडण्याचासुद्धा मला राग यायचा.

परवा ह्यांच्या फोनवर क्लबाची बातमी आली. अदलाबदल झाली होती. बारक्या त्या क्लबात गेला आणि तो उंच डिफेंडर इकडं आला. मला घरात बसवेना. चप्पल घातली आणि तडक हॉटेलात गेले. मला बघून सगळे उठून उभे राहिले. सलीमभाई एकटेच त्या बाकावर बसलेले होते. मी समोर बसले आणि म्हणाले, "सलीमभाई, त्या दिवशीचं सगळं सांगा. माझ्यापासून काही ठेवू नका." ते म्हणाले, "भाभी, मी नेहमीसारखा चालू झालो, बारक्या द्यायचा नाही म्हणून. तर सुध्या म्हणाला, 'बरोबर हाय तुझं.' इतक्या सालांत पहिल्यांदा! मी म्हटलं, अबे क्या हुआ तेरेकू, भांड ना! तर नुसता हसला... आणि कलला. जीव घाबरा होत होता म्हणून म्हणाला, का खरंच पटलं होतं, अल्ला जाने. मी जिंकलो भाभी. पण असं जिंकायचं नव्हतं मला."

त्यांना धीर द्यायला हवा होता, पण मी जळत होते. ज्या शब्दांचा मी जन्मभर राग राग केला, ते निदान माझे एकटीचे होते. तेवढेच होते माझ्याकडं. जाता जाता तेही ह्यांनी सलीमभाईंना देऊन टाकले! हे समोर असते तर गळपट्टी धरून विचारलं असतं. आणि त्या संतापातच माझ्या तोंडून निघालं, "बारक्याला दिलं ते बरंच झालं. गुडघे गेले होते त्याचे."

सलीमभाईंनी मान वर केली. "असं नका बोलू भाभी."

"का नको? मागं उंच माणूस नको का?"

"आता तुम्ही म्हणताय तर..." ते पुटपुटले.

"मी म्हणते तर काय? माझ्यापुढं मान डोलवू नका, ते मला घरी रग्गड मिळालंय. बोला, काय वाईट आहे त्या डिफेंडरमध्ये?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तो? लाकडाचा खांब हाय तो! त्याला वळायचं तर आपल्या कंपनीच्या बसएवढी जागा लागते!"

"खांब तर खांब. जागेवर उभा तरी राहतो. तुमचा बारक्या वारा आला तरी पडतो."

"पडतो? मागच्या साली गोल किसने मारे? तुमच्या खांबानं?"

"एका साली मारले म्हणून काय जन्मभर पोसायचा?" माझा आवाज चढला होता, रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. बारक्याला देऊ नये असं माझं स्वतःचं मत, आणि मी जीव तोडून त्याच्या विरुद्ध भांडत होते. सलीमभाईंच्या कपाळाची शीर फुगली, ते अर्धे उठले आणि भान सुटून ओरडले, "अगे, पागल हो गई क्या तू? एकेक गोल गिनके बताता, सुन...!" आणि एकदम थांबले. त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "माफ करा भाभी. तोंडातून निघून गेलं."

"माफी कसली मागता, सलीमभाई," मी म्हणाले. "गोल सांगत होता ना? सांगा पुढं."