कुंदा टीचरांचा निरोप्या

कुंदा टीचरना तळ्यावर जायला बंदी झाली ती गेल्या वर्षी, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी. त्यांच्या होडीला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं. बोटिंगच्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सेफ्टीचा प्रश्न आहे, मॅडम." वर्षानुवर्षं त्या पाण्यात दोरी सोडणाऱ्या बाईला तो सेफ्टी शिकवत होता. हा अन्याय होता, आणि तो एकट्या टीचरांवर नव्हता.

तळं म्हणजे डिचोली तालुक्यातली बंद पडलेली खाण. खनिज काढून झालं, उपसा थांबला, खड्डा भरला. काठावर उभं राहिलं तर हिरवंनिळं पाणी दिसतं, पर्यटकांना फोटो काढावासा वाटेल असं. तेच पाणी आसपासच्या गावांच्या नळांना येतं. टीचर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर दर महिन्याला ह्या तळ्याची फेरी करू लागल्या. वल्ही मारायला पांडूदादा, मूळचा दोडामार्गचा, पूर्वी ह्याच खाणीत टिपर चालवणारा. मी इब्रामपूरची, पत्रकं वाटणारी. "घोषणा काठार दवर आनी बस," असं म्हणून टीचरनी मला पहिल्या दिवशी होडीत घेतलं.

होडी मध्यावर आली की पांडूदादा खाली बघत म्हणायचा, "टीचर, आता आपण माज्या रस्त्यार इलंव."

"मग हॉर्न मार रे," टीचर म्हणायच्या.

आम्ही हसायचो. मी मात्र खाली बघायची नाही.

टीचर दोन्ही टोकांना उघडी असलेली एक बाटली दोरीला बांधून खोल सोडत. मग त्याच दोरीवरून पितळेचा एक जड ठोकळा सोडत. तो घसरत जाऊन बाटलीवर आपटला, की झाकणं मिटून तिथलं पाणी आत अडकतं. त्या ठोकळ्याला त्या 'निरोप्या' म्हणत. तो सुटला की होडीत कोणी बोलायचं नाही. टीचर दोरी दोन बोटांत धरून डोळे मिटून बसत. हिसका बसला की म्हणत, "निरोप पावलो. आता जाप येतली." जाप म्हणजे उत्तर.

त्या उत्तराला वास असायचा. तळाचं पाणी कुजक्या अंड्यासारखं घाणायचं, आणि बाटलीत स्वच्छ दिसणारं ते पाणी हवा लागली की गंजासारखं तांबूस होई. तळाशी हवा पोचत नाही, तिथं मासा जगत नाही, लोखंड मात्र विरघळून राहतं. शेजारणीची तब्येत सांगावी तसं टीचर हे सांगत. दोरीला खोली मोजायच्या रंगीत गाठी होत्या. आधी हा वास सगळ्यात खालच्या तांबड्या गाठीखाली असे. मग पिवळीखाली. मी होडीत बसू लागले तेव्हा हिरव्या गाठीशी आला होता. तिच्या वरची पांढरी गाठ कसली, मी विचारलं.

"थंय नळाच्या पंपाचो पायप आसा," त्या म्हणाल्या आणि दोरी गुंडाळायला लागल्या.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: नळातून विष. टीचरनी तो शेवटचा शब्द लाल पेनाने खोडला.

"टीचर, मग लोक जागे कसे व्हायचे?"

"विष म्हळें की लोक भियेतले. भियेल्लो मनीस प्रश्न विचारिना गो, पळून वता. अजून कळलेलं नाही, असं लिही."

"असलं पत्रक कोण वाचणार?"

"जो पाणी पितो तो."

नंतरच्या ग्रामसभेत पाणी खात्याच्या एका साहेबाने काठावरून भरून आणलेला ग्लास उजेडात धरला. "बघा, आरसा आहे आरसा." टाळ्या पडल्या. टीचर उठल्या. "सायबा, वयल्या पाण्याक किदें विचारता? तळाक विचार." लोक हसले. मग तुळशीचं लग्न झालं आणि साखळी आली.

थंडीत वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली उतरतं, आणि तळचं ढवळून वर येतं. मोजायचं असतं ते तेव्हाच. कुलूप लागलं तेही तेव्हाच. पौषातल्या एका सकाळी काठाला मेलेले मासे लागले, पांढऱ्या पोटांची लांबच लांब ओळ. बोटिंगच्या उद्घाटनाआधी ते टोपल्यांनी उचलून नेले. टीचर काठावर उभ्या राहून वास घेत होत्या.

"आता तरी विष म्हणा," मी म्हणाले.

"म्हाका खबर ना. आनी खबर ना म्हणूनच भंय दिसता."

त्यांना कशाची भीती वाटते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पावसाळ्यात त्या बहिणीकडे फोंड्याला गेल्या आणि तिथंच झोपेत वारल्या. निघताना निरोप्या माझ्या हातात ठेवून म्हणाल्या होत्या, "होडी सोडटले तेन्ना दोरी खंय सोडपाची, तें पांडूक खबर आसा."

यंदाचं तुळशीचं लग्नही झालं. पहाटे गारठा पडू लागलाय. होडी अजून साखळीत आहे, आणि ती सुटेपर्यंत वास कुठल्या गाठीपर्यंत चढलाय हे पांडूदादालाही सांगता येणार नाही. हे लिहिताना निरोप्या कागद दाबून बसलाय. टीचरनी खोडलेला शब्द मी पुन्हा लिहिलेला नाही.

ते पाणी तुम्ही पिता. रविवारी ग्रामसभेला या. घोषणा नकोत. साहेबाने ग्लास वर धरला की उठा आणि एवढंच विचारा: तळाक विचारलां? होडीचं कुलूप निघेपर्यंत खाली बसू नका.