कमरेला वीज बांधून केलेलं कन्यादान

टक्…

परवा माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर खाली काढला, बटण फिरवलं आणि हा आवाज आला. गाणं काही लागलं नाही… मी मात्र थेट ऐंशीच्या दशकातल्या वाशीत जाऊन पोचलो. तेव्हा अगदी अशीच टक् करणारी एक पेटी माझ्या कमरेला असायची.

आम्ही नुकतेच गिरगाव सोडून इथे आलो होतो. बिल्डिंगी थोड्या, मोकळी जागा फार, आणि संध्याकाळी खाडीवरून येणारा खारट वारा… असं वाटायचं, कुणीतरी कोऱ्या वहीचं पहिलंच पान उघडून दिलंय. फक्त माझी कंबर तेवढी जुनी झाली होती. वर्षभर धरलेली. मांडी घालून बसलो की उठवायला दोघं लागायचे. गोळ्या, शेक, तेल, पट्टा… सगळं करून झालं होतं.

तशात धाकट्या बहिणीचं, नलूचं लग्न ठरलं. वडील आधीच गेलेले. काका म्हणाले, "कन्यादानाला मी बसतो की. त्याला कशाला त्रास?"

नलू ताडकन म्हणाली, "दादा-वहिनी बसणार असतील तरच मी बोहल्यावर चढते."

झालं… खुर्चीवर बसून कन्यादान करायची तेव्हा रीत नव्हती. पाटावर मांडी हवी, आणि तीही चांगली तासभर.

दवाखान्यात मला व्यायाम शिकवणाऱ्या मुकादम मॅडम होत्या, पनवेलकडच्या. त्यांना हे सांगितलं, तशी त्यांनी कपाटातून ती पेटी काढली. साबणाच्या डबीएवढी… आत बॅटरी, बाहेर दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला काळ्या रबराच्या चकत्या. चकत्यांना जेल लावायचं, कमरेच्या दोन बाजूंना त्या चिकटवायच्या आणि बटण फिरवायचं.

"दुखणं जाणार नाही हं याने," त्या म्हणाल्या. "मुंग्या येतील. त्या गडबडीत दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जरा कमी पोचतो, एवढंच. व्यायाम चुकवायचा नाही. आणि लग्न लागलं की पेटी परत, आमच्याकडे एकच आहे."

घरी आईने ती बघितली मात्र… "अरे, करंट लावून घेतोस अंगाला?"

आतली बॅटरी काढून दाखवली, ट्रान्झिस्टरचं उदाहरण दिलं, उपयोग शून्य. मी पेटी लावून पालथा पडलो की आई लाटणं घेऊन शेजारी उभी. करंटला चिकटलेल्या माणसाला लाकडाने सोडवायचं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक. "चिकटलास तर नुसतं हूं कर. मी हाणते."

मला मात्र त्या मुंग्यांत लय सापडायला लागली होती. लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु… शाळेत आमचे मास्तर टेबलावर बोटं वाजवून भुजंगप्रयात शिकवायचे. तसंच कुणीतरी कमरेवर बोटं वाजवतंय असं वाटे. डोळे मिटले की तो वर्ग, तो शाईचा वास, सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली कविता… आणि तेवढ्या वेळापुरतं दुखणं मागच्या बाकावर जाऊन बसायचं.

लग्न आमच्या बिल्डिंगसमोरच्या मैदानात, मांडव घालून. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पीतांबराच्या निऱ्यांत पेटी खोचून मी पाटावर टेकलो आणि नेमकी गुरुजींना वायर दिसली.

"हे काय, यजमान?"

"कमरेचं यंत्र आहे, गुरुजी. विजेवर चालतं."

"सोवळ्यात वायरी? छे छे! काढून ठेवा. नाहीतर काकांना बसू द्या, वेळ चाललाय."

काका उपरणं सावरत पुढे झालेच. नलू नुसती माझ्याकडे बघत होती. काय करणार… मी चकत्या सोडवायला हात मागे नेला.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "गुरुजी, वीज म्हणजे शेवटी अग्नीच ना हो? आता होमाला तुम्ही त्याला समोर बसवणार. माझ्या मुलाने कमरेला बसवला तर काय बिघडलं?"

गुरुजींनी आईकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकत, सावकाश, ते आपल्या आसनावर बसले. "आचमन करा," म्हणाले.

टक्… त्या गलक्यात तो आवाज मला एकट्यालाच ऐकू आला असेल.

पुढे कमाल केली ती आमच्या सौभाग्यवतींनी, सुमनने. गुरुजी म्हणायचे, "वहिनी, हात लावा." ती उजवा हात माझ्या हाताला लावायची आणि माझा चेहरा आक्रसलेला दिसला की डाव्या हाताने निऱ्यांतलं बटण हळूच थोडं पुढे फिरवायची. तासभर आमचा असा जोडीने संसार चालला होता. नलूच्या ओंजळीवर माझ्या ओंजळीतून पाणी पडलं, तेव्हा कमरेत मुंग्या होत्या आणि डोळ्यांत पाणी… दुखण्याची आठवणही नव्हती. मागे वळून पाहिलं तर आई उभी. पदराआडून लाटण्याचं टोक दिसत होतं.

कंबर त्यानंतरही दुखतच राहिली, आजही दुखते. पण त्या दिवशी मला बसतं ठेवलं ते नुसत्या बॅटरीने नाही, हे मला पेटी परत करायच्या आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पुसली, वायरी गुंडाळल्या, मुकादम मॅडमकडे जायला चपला घालतोय तोच बेल वाजली. दार उघडलं.

दारात गुरुजी. एक हात चौकटीवर, दुसरा कमरेवर.

"यजमान," इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "तो अग्नी… अजून घरातच आहे ना?"